हद्द कोणी घालायची, दत्ता?

दत्ता,

मुंबई मंडळाचे चिटणीस काल परत जाताना मला म्हणाले, "मास्तर, दत्ताभाऊंवर दोन पानं लिहून द्या, स्मरणिकेत घालू. जन्म, शिक्षण, कोषागारात कुठल्या पदापर्यंत पोचले, सगळं येऊ द्या." मी मान हलवली आणि आज सकाळी पेज खाऊन लिहायला बसलो. तुझा जन्म मला पाठ आहे, कारण माझा त्याच आठवड्यातला. चार दिवसांनी मोठा म्हणून तू जन्मभर माझ्यावर वडीलकी गाजवलीस. पदाचं मात्र तू कधी नीट सांगितलंच नाहीस. रत्नागिरीला सरकारी तिजोरीशेजारी बसून आयुष्य काढलंस आणि मुदतीआधीच निवृत्त होऊन गावात आलास, एवढंच मला ठाऊक. बाकीचं मंडळाने शोधून काढावं. मी तुझ्याशी बोलणार आहे. ते दोन पानांत मावणार नाही हे आधीच सांगतो. मर्यादा ओलांडली म्हणून कुरकुर करायची नाही.

एक अडचण आहे. पन्नास वर्षं मी तुला 'मेल्या' अशीच हाक मारत आलो. "मेल्या, चहा झाला काय?" "मेल्या, पेपर एकटाच वाचतोस?" आता ते तोंडातून निघत नाही. परवा तुझ्या अंगणातून जाताना जिभेवर आलं आणि मी ते गिळलं. इतकं साधं, प्रेमाचं नाव तू माझ्याकडून काढून घेतलंस. याबद्दल तुला माफी नाही.

तेरा दिवस लोक येत होते आणि तुझ्याविषयी चांगलं चांगलं बोलत होते. दत्ताभाऊ शांत, दत्ताभाऊ मृदू, दत्ताभाऊंनी कधी कोणाला दुखवलं नाही. मी कोपऱ्यात बसून ऐकत होतो. हे कोणाविषयी बोलताहेत, असं सारखं वाटत होतं. दर फेब्रुवारीच्या अखेरीस संध्याकाळी पाचला तुझ्या पडवीत येऊन बसले असते तर कळलं असतं यांना शांत आणि मृदू.

अर्थसंकल्पाचं भाषण हा तुझा शिमग्याआधीचा शिमगा. नोकरीत होतास तेव्हाही त्यासाठी रत्नागिरीहून रजा काढून यायचास. ट्रान्झिस्टर खिडकीत, राज्यघटनेची खाकी कव्हर घातलेली प्रत मांडीवर, आणि समोर मी. सिगारेट महागली की स्वस्त झाली, साबणावर काय, टायरवर काय, याच्याशी तुला देणंघेणं नसायचं. तू एका वाक्याची वाट बघायचास. यंदा सरकार कर्ज किती काढणार, ते वाक्य. ते आलं की बोट वर. "ऐकलंस? हे कोणाला विचारून?"

"अरे, सरकार आहे ते. कोणाला विचारायचं?"

मग प्रत उघडायची. कलम दोनशे ब्याण्णव. केंद्र सरकारला कर्ज काढता येईल, पण संसद कायदा करून वेळोवेळी जी मर्यादा घालील, अशी काही मर्यादा असल्यास, तिच्या आत. ते वाचून झालं की तू चष्म्यावरून बघायचास. "घटना लिहिणाऱ्यांनी जागा करून ठेवली. पाट मांडला, ताट वाढलं. आणि इतक्या वर्षांत एकाही संसदेला जेवायला बसावंसं वाटलं नाही. असा कायदा झालेलाच नाही, शिऱ्या. हद्दच नाही."

माझं म्हणणं तुला पाठ होतं, तरी इथे मांडतो. स्मरणिका मुंबईची माणसं वाचतील, माझीही बाजू त्यांना कळू दे. मी म्हणायचो की ज्याने संसार चालवायचा त्याच्याच हातात दोरी हवी. उद्या दुष्काळ पडला, लढाई आली, तर काय आधी पाचशे माणसं गोळा करून त्यांची भाषणं ऐकत बसायचं? आणि तुझी संसद म्हणजे कोण? तिथे बहुमत सरकारचंच. सरकार मागणार, सरकारचीच माणसं हात वर करणार. हद्द घालणारा नि हद्द मोडणारा एकच. उगाच मधे एक इमारत कशाला?

याच्यावर तू कधी चिडायचा नाहीस, हे मला आता आठवतं. आवाज उलट खाली यायचा. "असू दे एकच. पण उभं राहून, तोंड उघडून, सगळ्यांच्या देखत मागावं लागतं. हद्दीचा गडगा सरकवता येतो रे शिऱ्या. पण दिवसाउजेडी, शेजाऱ्याला हाक मारून सरकवायचा. लाज म्हणून काही चीज असते."

"सरकारला लाज?" मी विचारायचो, आणि आतून सुमनवहिनी म्हणायच्या, "भावोजी, चहा निवतोय. सरकारची लाज मागाहून काढा."

तुझी ती पोस्टकार्डं. दर वर्षी खासदाराला एक. उत्तर कधी आलं नाही. एकदा निवडणुकीच्या वेळी उमेदवारच देवळासमोर आला, हार घालून झाले, आणि तू उभा राहून विचारलंस, "कर्जाच्या मर्यादेविषयी आपली भूमिका काय?" तो बिचारा दिवसभर वाड्या फिरून दमलेला. हात उंचावून म्हणाला, "मर्यादा वाढवून देऊ, काका! निवडून द्या, पहिलं काम तेच!" टाळ्या पडल्या. तू मटकन खाली बसलास. मी इतका हसलो की घरी येईपर्यंत बरगड्या दुखत होत्या. त्याला मत दिलंस की नाही, हे मात्र तू शेवटपर्यंत सांगितलं नाहीस.

हे सगळं दिल्लीचं होतं तोवर बरं होतं. दिल्लीवरून भांडायला काही लागत नाही. तू निवृत्त होऊन आलास आणि तीच हद्द आमच्या गावकीला लावलीस, तेव्हा खरा घोळ झाला.

बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. आमच्या गावची कामं गावकीच्या सभेत ठरतात आणि त्यांना पैसा पुरवतं ते मुंबईतल्या चाकरमान्यांचं मंडळ. देणगी थोडी, उसनवारी जास्त. देवस्थानच्या आंब्याकाजूच्या लिलावातून आणि घरटी वर्गणीतून ती सावकाश फेडायची. किती उचल घ्यायची हे गावकीचा अध्यक्ष ठरवायचा. देवळाच्या सभामंडपाच्या वेळी माझ्या आधीच्या अध्यक्षांनी मुंबईला जाऊन जो शब्द दिला, तो गाव कितीतरी वर्षं फेडत होतं. लोकांना आकडासुद्धा माहीत नव्हता. तू आल्याआल्या सभेत ठराव मांडलास, की उचलीची मर्यादा सभेनेच घालायची, घरामागे एक माणूस, एक मत धरून, आणि ती वाढवायची तर पुन्हा सभेतच. तेव्हा अध्यक्ष मी झालो होतो. माझ्या डोक्यात तेव्हा काहीच काम नव्हतं, त्यामुळे मी हसत हसत सही केली. दत्ताचा छंद आहे, पुरवू या, असं मला वाटलं.

आणि दोनच वर्षांत मला साकव हवा झाला.

पऱ्याच्या पलीकडची वाडी तुझ्या डोळ्यांपुढे आहेच. जून लागला की पऱ्याचा ओढा फुगायचा आणि त्या वाडीतली पोरं माझ्या शाळेतून नाहीशी व्हायची ती दसऱ्याला उगवायची. चार महिने हजेरीपटावर नुसते शून्य. दुसरीतली मुलगी दसऱ्याला येऊन पुन्हा 'अ' गिरवायची. मला ते बघवत नव्हतं. पऱ्यावर एक पक्का छोटा पूल, आपला साकव, एवढंच मागणं होतं. गवंड्याने अंदाज दिला तो गावाच्या मर्यादेच्या दुप्पट निघाला.

मी तुझ्याकडे आलो. तू हिशेब बघितलास, चष्मा काढलास आणि म्हणालास, "साकव हवाच. पण दुप्पट उचल तू तुझ्या अंगावर घेऊ शकत नाहीस. सभा बोलाव."

"सभा भरेपर्यंत पावसाळा येईल."

"येईल."

"आणि पोरं?"

"शिऱ्या, मलाही पोरं दिसतात. तुझा हेतू चांगला आहे म्हणून तुला मोकळं सोडलं, तर तुझ्यानंतर येईल त्याचाही हेतू चांगलाच असेल. सगळ्यांचे हेतू चांगलेच असतात."

मी तुला नको ते बोललो. कारकून म्हणालो. तिजोरीशेजारी बसून तुझं काळीज लोखंडी झालं, असंही म्हणालो. तू चष्मा परत डोळ्यांवर चढवलास. आणि मी घरी येऊन मुंबईच्या चिटणिसांना पत्र लिहिलं, की दुप्पट रकमेची तयारी ठेवा, गावचा शब्द मी देतो.

ते पत्र मी तुला कधी सांगितलं नाही. त्याच्याकडे मी येतोच आहे.

त्यानंतर गणपतीपर्यंत आपण एकमेकांशी बोललो नाही. सगळं आयुष्य मोजलं तर तेवढेच तीन महिने. तरी आरतीला माझ्या घरी आलास. माझ्या खांद्याला खांदा लावून, माझ्याकडे न बघता, माझ्याहून वरच्या पट्टीत आरत्या म्हटल्यास आणि प्रसाद न घेता निघून गेलास. म्हणजे अबोला देवाला दाखवून गेलास. माझी बायको म्हणाली, "तुम्हां दोघांना एकदा चांगलं बदडून काढायला हवं."

शेवटी मुंबईहून आलेल्या मंडळींनी तोड काढली. आईला विचारू. आमच्या वाघजाईचा कौल म्हणजे शेवटचा शब्द. गुरव देवीच्या दोन्ही अंगांना एकेक ओली कळी चिकटवतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी म्हटलं, ठीक. तूही म्हणालास, ठीक. तेव्हाच मला संशय यायला हवा होता, कारण घटनेच्या बाहेरचं तुला कधी काही ठीक वाटत नसे.

पहिलं गाऱ्हाणं माझं. "आई, पलीकडच्या पोरांसाठी साकव बांधायचा आहे, त्याला ज्यादा उचल घेऊ?" गाव म्हणालं, होय महाराजा. उजवी कळी पडली. मी तुझ्याकडे असं बघितलं की बस्स.

मग तू पुढे झालास. हात जोडलेस आणि सुरू झालास. "हे आई, ग्रामसभेने रीतसर ठरावान्वये विहित केलेली मर्यादा पदाधिकाऱ्यांवर बंधनकारक..." गुरवाने वळून बघितलं. "दत्ताभाऊ, आयला समजंल आसा बोला." तू घसा खाकरलास. "आई, गावाने सगळ्यांनी मिळून घातलेली हद्द एकट्याने मोडायची नाही, हे बरोबर काय?" गाव म्हणालं, होय महाराजा. पुन्हा उजवीच पडली.

गुरवाने कळ्या उचलल्या आणि शांतपणे म्हणाला, "आयनं दोगांनाबी हो म्हटलान. आता ह्ये भांडान तुमच्यात हाय. आयचा काय संबंद नाय."

मी खचलो. तू मात्र खुलला होतास. देवळाच्या पायऱ्यांवर मला गाठलंस आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा बोललास. "अरे, दोन्ही बरोबर आहे. उचल घ्यायची, आणि हद्द एकट्याने मोडायची नाही. म्हणजे हद्द सभेने वाढवायची. आईलाही घटना ठाऊक आहे." मला हसू फुटलं. अबोला तिथेच सुटला. वाद सुटला नाही.

आता सभा कधी? मुंबईवाले म्हणाले, आत्ताच, आम्ही आहोत तोवर, घराघरातले पुरुष आलेले आहेत. तू म्हणालास, नाही, तुम्ही गेल्यावर. त्यावर केवढा गदारोळ झाला. पैसे आमचे आणि सभा आमच्या मागे? तू उठून सांगितलंस, "ज्याने पैसा दिला त्याची संमती लागेल, ती मागू. घटनेतही तसंच आहे, राज्यावर केंद्राचं देणं असेल तर नवं कर्ज काढताना केंद्राला विचारावं लागतं. पण हद्द देणाऱ्याने नाही ठरवायची. देणारा आपल्या सोयीने ठरवतो. पऱ्या ज्यांना ओलांडायचा आहे आणि वर्गणी ज्यांच्या दारात मागितली जाणार आहे, त्यांनी ठरवायची."

मला तुझा कावा कळला तो सभेच्या दिवशी. मंडळी मुंबईला परतलेली. घरामागे एक माणूस, आणि निम्म्याहून जास्त घरांत माणूस म्हणजे बाईमाणूस. सभामंडपात आजवर बायका आल्या त्या हळदीकुंकवाला. त्या दिवशी त्या पदर खोचून आल्या आणि पुरुषांच्या बरोबरीने बसल्या. काही म्हातारे उठून जायला निघाले. तू ठराव वाचून दाखवलास. "घरामागे एक माणूस असं लिहिलंय. पुरुष असं लिहिलेलं नाही. सही अध्यक्षांची आहे." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी छताकडे.

पलीकडच्या वाडीतली भागीरथीकाकी पहिली उठली. तिची नात माझ्या शाळेत होती, म्हणून मला वाटलं, ही आपली. ती म्हणाली, "मास्तर, साकव आमाला पायजे. माज्या नातीला मी खांद्यावं घेऊन पऱ्या उतरल्ये, माजा मना म्हायती. पन तुमी सांगताव तेवडी उचल नको. माजा पोरगा मुंबयला डबल पाळी करतो. त्येच्या डोक्यावं किती ठेवाल? चिरे आपल्या सड्यावं हायत. हात आपल्याला हायत. ज्यादा पैशाचा निमा भार आमी उचलू, बाकी उचल घ्या."

तासाभरात ठरलं. मर्यादा वाढवायची, पण दुप्पट नाही, दीडपट. बाकीचं अंगमेहनतीने. मी अध्यक्ष आणि माझ्या मागणीच्या चिंध्या. पण काय सांगू दत्ता, त्यानंतर जे झालं ते मी एकट्याने शब्द देऊन कधीच झालं नसतं. आपणच ठरवलेलं काम म्हणून माणसं आली. डोंगरमाथ्यावरच्या सड्यावरून जांभ्याचे चिरे वाहायला रांग लागली. तू पंचावन्न ओलांडलेला, कमरेला पंचा बांधून रांगेत उभा राहिलास आणि तिसऱ्या चिऱ्याला पाठ धरली. पंधरा दिवस वहिनी तुला शेकवत होत्या. तुझ्या उशाशी बसून मी म्हणायचो, "संसदेला एवढी पाठ असती तर बरं झालं असतं." तू हसायचास आणि हसलं की कळ यायची, म्हणून मी आणखी बोलायचो.

पुढच्या जूनमध्ये पलीकडची सगळी पोरं शाळेत आली, दप्तरं डोक्यावर घेऊन, साकवावर पाय आपटत. पाय का आपटत होती कोण जाणे. पक्कं वाटावं म्हणून असेल. तू छत्री घेऊन काठावर उभा होतास, माझ्या शेजारी. माझ्या आयुष्यातला तो फार चांगला दिवस होता आणि तो तुझ्यामुळे होता. हे मी तेव्हा सांगायला हवं होतं. मी काय म्हणालो, तर "दुप्पट घेतली असती तर कठडाही झाला असता."

आता त्या पत्राचं.

साकवाची सभा सुरू होताना तू इतिवृत्ताची वही नि लेखणी उघडलीस आणि विचारलंस, "या कामाबाबत मुंबईला कोणी आधीच काही शब्द दिलेला आहे काय?" तू माझ्याकडे बघत नव्हतास. वहीकडे बघत होतास. मी म्हणालो, "नाही." तू तसंच लिहून घेतलंस. 'नाही.' सभा पुढे गेली. इतकी वर्षं मी समजत होतो, की तुला पत्ता लागला नाही. कधी कधी मला त्याचं हसूही यायचं. एवढा मोठा घटनापंडित, आणि मी त्याच्या नाकाखालून निसटलो.

परवा तेराव्याचं जेवण झाल्यावर चिटणीस माझ्याजवळ येऊन बसले. सुपारी कातरता कातरता सहज म्हणाले, "मास्तर, तुमचं ते साकवाचं पत्र मी गणपतीत दत्ताभाऊंना दाखवलं होतं बरं का. म्हटलं, हे काय आहे? त्यांनी वाचलं, घडी केली, माझ्या खिशात परत घातलं आणि म्हणाले, हे आलंच नाही असं समजा."

माझा हात पानाच्या तबकातच राहिला.

म्हणजे तुला माहीत होतं. कौल लावताना माहीत होतं, पायऱ्यांवर हसलास तेव्हा माहीत होतं. सभेत मला विचारलंस ते मला संधी द्यायला, आणि मी ती घेतली नाही तेव्हा तू ज्या हाताने दर वर्षी खासदाराला जाब विचारायचास, त्याच हाताने गावाच्या वहीत खोटं लिहिलंस. सरकारला तू एवढी सूट कधी दिली नसतीस. मला दिलीस. पुढे एवढी भांडणं झाली, त्यात एकदाही हे काढलं नाहीस. माझ्या जागी तू असतास तर मी पहिल्याच भांडणात काढलं असतं. तू मला ओळखतोस, काढलंच असतं.

मी मागच्या दारी जाऊन रडलो. माझ्या बायकोला सांगितलं, डोळ्यांत धूर गेला. तिने विचारलं नाही, कसला धूर.

आता शेवटचं सांगतो आणि थांबतो. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल सकाळी, मुंबईची मंडळी होती म्हणून सभा घेतली. पलीकडच्या वाडीला डोंगरातल्या झऱ्याचं पाणी नळाने आणायचं आहे. बायका अर्धा डोंगर चढून हंडे आणतात, तुला ठाऊक आहे. खर्च मोठा. मंडळाचे अध्यक्ष उभे राहिले आणि म्हणाले, "दत्ताभाऊ होते तोवर मर्यादा, ठराव सगळं ठीक होतं. त्यांच्याइतकं बारीक बघणारं आता कोणी राहिलं नाही. आमचा मास्तरांवर पूर्ण भरवसा आहे. मर्यादा बिर्यादा सोडून देऊ. मास्तर सांगतील तेवढी उचल." सगळ्यांनी माना डोलावल्या. गुरवानेसुद्धा.

तुला खोटं सांगत नाही. आता तरी सांगणार नाही. मला बरं वाटलं. इतकी वर्षं पडवीत बसून मी जे मागत होतो ते सगळं ताटात वाढून आलं होतं, आणि समोर बोट वर करणारा कोणी नव्हता. तू असतास तर मी नाही म्हटलं असतं, तुला चकित करायला. तू नव्हतास. मी आभार मानायला उभा राहिलो. नळाचा मार्ग, टाकीची जागा, सगळं माझ्या डोक्यात तयार होतं, आणि आकडाही तयार होता. मोठा होता.

"अध्यक्ष," बायकांच्या बाजूने कोणी म्हणालं, "मर्यादा किती धरलीत?"

सुमनवहिनी होत्या. तू जाऊन चौदावा दिवस, कोणाला वाटलंच नव्हतं त्या उंबरठ्याबाहेर येतील. भागीरथीकाकीच्या आडोशाला बसल्या होत्या, म्हणून मला दिसल्या नाहीत. घरी मला भावोजी म्हणतात. सभेत अध्यक्ष म्हणाल्या.

मी म्हटलं, "वहिनी, आता या वेळेला मर्यादेचं काय... सगळ्यांनी विश्वासाने..."

"हे गेले. घर आहे," त्या म्हणाल्या. आवाज फार मोठा नव्हता. "आमच्या घराचं माणूस आता मी. आकडा सांगा. मग सभा हो म्हणू दे नाहीतर नाही म्हणू दे. नुसता तुमच्या नावावर सोडायला माझं घर तयार नाही."

मग मी आकडा सांगितला. सांगताना माझा मलाच तो थोडा मोठा वाटला, पण मी रेटला. वहिनींनी ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "जास्त आहे. टाकी लहान करा." भागीरथीकाकीचा हात वर गेला. तिच्या मागून दुसरा, तिसरा. मुंबईच्या अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. मोजणी झाली. मी पडलो.

टाकी लहान करा म्हणे. दत्ता, टाकी लहान केली तर मेमध्ये पाणी पुरणार नाही, एवढं साधं गणित आहे. मी त्यांना ते सांगायला गेलो तर त्या म्हणाल्या, मे महिन्यात बघू, तेव्हा पुन्हा सभा घ्या. मला असा सणकून राग आला, की छत्री तिथेच विसरून तणतणत घरी आलो, आणि बायकोला सगळं दोनदा सांगितलं. तू गेल्यापासून मला पहिल्यांदाच राग आला. फार बरं वाटलं.

तुझा,
शिऱ्या